बाळाला कमी ऐकू येतं? घरच्यांनो, या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती ताट वाजवून घरीच केलेली तपासणी. ताटाचा आवाज मोठा, शिवाय सावली हलते, जमीन हादरते. कमी ऐकणारं बाळही वळून बघतं आणि घरचे निश्चिंत होतात. बऱ्याच मुलांना मोठे, जाड आवाज कळतात, पण बोलण्यातले ‘स’, ‘श’ निसटतात. मग ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणत वर्ष निघून जातं.

पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि ऐकण्या-बोलण्याची थेरपी सुरू, हा जगभर मानला जाणारा क्रम आहे. काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळाची बेरा चाचणी आवर्जून करा, ती आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे बघते. नुसती ओएई, म्हणजे फक्त आतल्या कानाचा प्रतिसाद बघणारी तपासणी, पास झाली तरी नसेतला दोष सुटू शकतो. बाळ झोपलेलं असताना बेरा होते, दुखत नाही. वय उलटून गेलं असेल तरी थांबू नका. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था १९८३ पासून हेच काम करते.

पुढची चूक मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, मिळाल्यानंतरची. लग्नकार्यात ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ते काढून ठेवतात. जागेपणीचा प्रत्येक तास मुलाच्या भाषेचा आहे, तो लोकांसाठी घालवू नका.

मशीन शिट्टी मारतंय? आवाज कमी करू नका. बाळाचा कान वाढतो, मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला, कानात बसणारा भाग) सैल पडतो. लहान बाळाला काही महिन्यांतच नवा लागतो. मोल्ड नीट बसला आहे का, कानात मळ आहे का, हे आधी बघा. मशीन बंद पडलं तर सेल बदला. नव्या सेलवरचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या. नळीत पाणी किंवा मळ अडकला आहे का, तेही पाहा. पावसाळ्यात रात्री सेल काढून मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. सेल मुलाच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर लगेच रुग्णालय गाठा.

रोज सकाळी पाठीमागून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी म्हणून बघा. काल कळलेला ध्वनी आज कळला नाही, तर मशीन किंवा कान तपासून घ्या.

ओरडून बोलल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत. मिक्सर, टीव्ही बंद करा, जवळ बसा, चेहऱ्यावर उजेड असू द्या. खुणा केल्या तर मूल बोलायचं नाही, ही भीतीही सोडा. भाषेविना गेलेली वर्षं जास्त घातक असतात.

आणि आईला दोष देणं थांबवा. ‘ग्रहणात बाहेर गेली होतीस ना?’ हा प्रश्न निराधार आहे, क्रूरही. ऐकू न येणाऱ्या दहापैकी नऊ मुलांचे आई-वडील ऐकणारेच असतात. दोष जनुकांतून आला असेल, तर बहुतेक वेळा दोघांकडूनही आलेला असतो. थेरपी आठवड्यातून तासभर, उरलेला आठवडा तिच्या एकटीवर! नातेवाइकांनी ‘अजून बोलत नाही का गं?’ विचारण्याऐवजी थोरल्या मुलाला दोन तास सांभाळावं. बाबांनी पुढच्या अपॉइंटमेंटला सोबत जावं आणि मोल्ड बसवणं, सेल बदलणं, सहा ध्वनी घेणं तिथेच शिकून यावं.