मालदीव: माले विमानतळावर उतरल्यावर आपल्या बेटापर्यंत कसं पोहोचायचं

मालदीवला जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी विमानाची स्वस्त तिकिटं शोधली जातात, मग हॉटेल बघितलं जातं आणि बेटावर जायचं कसं हा विचार सगळ्यात शेवटी होतो. हा क्रम उलटा करा. आधी बेट ठरवा, तिथे काय जातं ते विचारा आणि मग त्या वेळेला जुळणारं विमान शोधा. कारण इथला मुख्य विमानतळ, वेलाना आंतरराष्ट्रीय विमानतळ, हाच मुळी हुलहुले नावाच्या एका बेटावर आहे. तिथून गाडीरस्ता जातो तो राजधानी माले आणि शेजारचं हुलहुमाले इथपर्यंत. बाकी सगळीकडे पाणी. रात्री नऊला उतरून 'टॅक्सी करू आणि जाऊ' हे इथे चालत नाही.

पायरी १: तिकीट काढण्याआधी हॉटेलला तीन प्रश्न विचारा

तुमच्या बेटावर काय जातं: स्पीडबोट, सीप्लेन की देशांतर्गत विमान? ते दिवसा किती वाजेपर्यंत चालतं? आणि जाऊन-येऊन माणशी किती पैसे? ही तीन उत्तरं लेखी, ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर घ्या. खोलीचं भाडं स्वस्त दिसतं आणि नेण्या-आणण्याचा खर्च वेगळा लावलेला असतो. सीप्लेनचं जाऊन-येऊन भाडं माणशी चारशे डॉलरच्या पुढे सहज जातं. चार जणांच्या कुटुंबाला हा आकडा खोलीच्या भाड्याइतका जड होऊ शकतो.

वेळेचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. पाण्यावर उतरताना वैमानिकाला डोळ्यांनी सगळं दिसावं लागतं, त्यामुळे अंधार पडायच्या आत शेवटचं विमान आपल्या बेटावर पोहोचलेलं असलं पाहिजे. म्हणून मालेला तुमचं विमान साधारण दुपारी साडेतीनच्या आत उतरलं तरच त्या दिवशी सीप्लेन मिळेल असं धरून चाला. त्यानंतर उतरलात तर रात्र माले, हुलहुमाले किंवा विमानतळाच्याच बेटावरच्या हॉटेलात काढावी लागते आणि रिसॉर्टची त्या रात्रीची भरलेली रक्कम बहुधा बुडते. मुंबईहून थेट विमानाला तीन तासांच्या आसपास लागतात, तेव्हा सकाळचं विमान मिळालं तर उत्तम. दोन हजार रुपये वाचवण्यासाठी संध्याकाळी उतरणारं तिकीट घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

जवळच्या रिसॉर्टच्या स्पीडबोटी रात्रीही ये-जा करतात. विमान संध्याकाळचंच मिळत असेल तर रिसॉर्टच स्पीडबोटीच्या अंतरावरचं निवडा.

पायरी २: कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. पर्यटकाला प्रवेश तिथे पोहोचल्यावर, फी न घेता मिळतो. मात्र परतीचं तिकीट आणि हॉटेलचं पक्कं बुकिंग दाखवावं लागतं. दोन्हींची छापील प्रत जवळ ठेवा, मोबाईलची बॅटरी नेमकी त्याच वेळी दगा देते.

विमानाच्या वेळेआधी ९६ तासांच्या आत 'इमूगा' नावाचं प्रवासी घोषणापत्र ऑनलाइन भरायचं. ते मालदीवच्या इमिग्रेशन खात्याचं आहे आणि फुकट आहे. शोधताना त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट वर येतात. पैसे मागितले की ती साइट बंद करा. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं भरायचं, लहान मुलांचंसुद्धा, आणि परतीच्या प्रवासाआधी पुन्हा एकदा. भरून झाल्यावर येणाऱ्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मुंबईत चेक-इनच्या खिडकीवरच तो मागतात.

पायरी ३: बॅगेतून काय काढायचं

इथे आपल्याकडचे लोक हमखास अडकतात. मालेला उतरल्यावर सामान पुन्हा एकदा एक्स-रे यंत्रातून जातं. दारू आणता येत नाही. मुंबईच्या ड्यूटी-फ्रीमधून घेतलेली सीलबंद बाटलीसुद्धा चालत नाही. कस्टम्सवाले ती ठेवून घेतात आणि पावती देतात, परत जाताना ती दाखवून बाटली घ्यायची. त्यापेक्षा जाताना घेऊच नका. दारू रिसॉर्टमध्ये मिळते, लोकवस्तीच्या बेटांवर नाही. डुकराचं मांस आणायला बंदी आहे. ई-सिगारेट आणि व्हेपवरही २०२४ अखेरपासून पूर्ण बंदी आहे, पर्यटकांनाही सूट नाही.

आणि एक गोष्ट प्रवास कंपन्या सहसा सांगत नाहीत: पूजेच्या मूर्ती बंदीच्या यादीत आहेत. आपल्याकडे पर्समध्ये बोटभर गणपती असतो, आजी निघताना सामानात पितळी देव ठेवते. ते घरीच राहू द्या. चिवडा, लाडू, थेपले यांचं काही वाकडं नाही. नेहमीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत असू द्या, विशेषतः झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्यांची.

सीप्लेनने जाणार असाल तर बॅगेचं वजन घरीच करा. साधारण २० किलो मोठी बॅग आणि ५ किलो हातातली एवढीच सवलत असते. वरच्या प्रत्येक किलोला डॉलर मोजावे लागतात. तुमचं विमान ३० किलो नेऊ देतं याला इथे काही अर्थ नाही.

पायरी ४: विमानतळावर

घड्याळ अर्धा तास मागे घ्या. मालेत आपल्यापेक्षा अर्धा तास कमी असतो. तिकिटावरची उतरायची वेळ तिथलीच असते.

२०२५च्या जुलैमध्ये इथे नवं, बरंच मोठं प्रवासी टर्मिनल सुरू झालं. त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओंवर आणि लेखांवर विसंबू नका. 'दारातून बाहेर आलं की समोरच जेटी' हे वर्णन जुन्या इमारतीचं आहे. हॉटेलने ताज्या मेसेजमध्ये जे सांगितलं असेल तेच खरं.

रांग अशी: इमिग्रेशन, सामानाचा पट्टा, कस्टम्सचं यंत्र आणि मग बाहेरचा हॉल. हॉलमध्ये हॉटेलांची माणसं पाट्या घेऊन उभी असतात आणि रिसॉर्टांचे काउंटर असतात. आपल्या हॉटेलचं नाव सापडेपर्यंत इतर कुणाच्याही मागे जाऊ नका. इथे गळ्यात पडणारे दलाल फारसे नसतात, पण दमलेला माणूस 'बोट? बोट?' ऐकून कुणाच्याही मागे चालू लागतो.

पाट्या शोधायच्या आधी दोन कामं उरकून घ्या. सिमकार्ड: धिरागू आणि ऊरेडू या दोन कंपन्या आहेत, दोघींची पर्यटकांसाठीची कार्डं विमानतळावर मिळतात. रिसॉर्टमध्येच राहणार असाल तर तिथलं वाय-फाय पुरतं, लोकवस्तीच्या बेटांवर फिरणार असाल तर मात्र घ्याच. आणि पैसे: इथलं चलन रुफिया, पण हॉटेलं, बोटी, सहली यांचे भाव डॉलरमध्येच सांगतात. भारतीय रुपयांचा इथे उपयोग नाही. मुंबईतूनच डॉलर न्या आणि त्यात १, ५ आणि १०च्या नोटा भरपूर असू द्या, कारण शंभराच्या नोटेची मोड कुणाकडे नसते. रुफिया बस, फेरी, चहा यांपुरते बदलून घ्या. उरलेले देशाबाहेर कुणी घेत नाही.

पायरी ५: पुढचा टप्पा

स्पीडबोट. काफू अटोलमधली (अटोल म्हणजे प्रवाळबेटांचा समूह), म्हणजे मालेच्या आसपासची बहुतेक बेटं या अंतरात येतात. रिसॉर्टची स्वतःची बोट असते, तर लोकवस्तीच्या बेटांना ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या सामायिक बोटी असतात. सर्वात गजबजलेलं माफुशी अर्ध्या-पाऊण तासात येतं. सामायिक बोटीतही जागा आधी गेस्टहाउसमार्फत राखून ठेवावी लागते. विमानाचा क्रमांक कळवला की गेस्टहाउसवाला बोट ठरवतो. चढताना बरेच बोटवाले चपला काढून एका टोपलीत ठेवायला सांगतात, तेव्हा नाडीचे बूट घालून जाऊ नका.

गेटवेहून मांडव्याला लाँचने गेलेल्यांना वाटतं की असंच काहीतरी असेल. तसं नाही. स्पीडबोट लाटेवरून लाटेवर आपटत जाते, आणि मे ते ऑक्टोबर या नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात तर जास्तच. पाठीचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि वयस्करांनी मागच्या बाकावर बसावं, पुढे आपटणं जास्त लागतं. बोट लागण्यावरची गोळी घ्यायची असेल तर निघण्याच्या अर्धा तास आधी, मळमळायला लागल्यावर नव्हे.

सीप्लेन. हा अनुभव खरोखर वेगळा आहे, पण त्यात बरीच वाटही बघावी लागते. हॉलमध्ये काउंटरवर चेक-इन होतं, सामान तोललं जातं, कधी हातातल्या बॅगेसकट. मग बस धावपट्टीच्या पलीकडल्या सीप्लेन टर्मिनलवर नेते. विमान लगेच मिळेल असं नाही. एकाच दिशेच्या दोन-तीन रिसॉर्टांचे प्रवासी गोळा करून ते सुटतं, त्यामुळे तास-दोन तास सहज जातात. मुलांसाठी खाऊ हाताशी ठेवा. बहुतेक रिसॉर्टांचे तिथे बसायचे स्वतःचे कक्ष आहेत आणि खाण्यापिण्याची सोय असते; बुकिंगमध्ये तो कक्ष आहे का, हे विचारून घ्या.

विमान म्हणजे ट्विन ऑटर, पंधराएक जणांचं. जागा ठरलेली नसते, जो आधी चढतो तो खिडकी पकडतो. आत वातानुकूलन नाही, आवाज प्रचंड, कानात घालायला बोळे देतात. वैमानिक बऱ्याचदा अनवाणी असतात, घाबरू नका, इथे तेच नेहमीचं आहे. उतरतं ते रिसॉर्टच्या धक्क्याला किंवा समुद्रात तरंगणाऱ्या एका लाकडी फलाटावर, आणि तिथून छोटी बोट किनाऱ्याला नेते. विमानाची शिडी अरुंद आणि उभी असते, तरंगता फलाट हलत असतो. गुडघे दुखणारे आजी-आजोबा सोबत असतील तर माझं स्पष्ट मत आहे: सीप्लेनचा हट्ट सोडा आणि स्पीडबोटीच्या अंतरावरचं रिसॉर्ट घ्या.

देशांतर्गत विमान. दूरच्या अटोलांसाठी हा मार्ग बरा, कारण ही विमानं धावपट्टीवर उतरतात आणि रात्रीही चालतात. बा अटोलमधलं धरवंधू, उत्तरेला हनिमाधू, विषुववृत्ताच्या पलीकडे अड्डू अटोलमधलं गान ही त्यातली ठिकाणं. मंटा रे हे मोठे, चपटे मासे पाहायला हनीफारूच्या खाडीत जाणाऱ्यांना धरवंधू सोयीचं पडतं. तिथे उतरल्यावर रिसॉर्टची बोट वेगळी घ्यावी लागते. तिचं भाडं तुमच्या रकमेत आहे का, हे पायरी १ मध्येच विचारायचं.

माले आणि हुलहुमाले. समुद्रावरचा सिनामाले पूल २०१८ मध्ये झाला आणि हे काम सोपं झालं. बस आहे, टॅक्सी आहे. एका रात्रीचा मुक्काम असेल तर मालेपेक्षा हुलहुमाले निवडा: विमानतळापासून पंधरा-वीस मिनिटं, रस्ते रुंद, समुद्रकिनारा आहे, आणि सकाळी लवकर परत यायला त्रास नाही.

कमी खर्चात फिरायचं असेल तर एमटीसीसी या सरकारी कंपनीच्या फेऱ्या आहेत. 'राज्जे ट्रान्सपोर्ट लिंक' नावाने त्यांच्या जलद बोटी बऱ्याच बेटांना जोडतात आणि खासगी स्पीडबोटीपेक्षा खूपच स्वस्त पडतात. पण शुक्रवार हा इथला सुटीचा वार आहे, त्या दिवशी फेऱ्या कमी किंवा बंद असतात. शुक्रवारी उतरणार असाल तर फेरीच्या भरवशावर राहू नका.

पायरी ६: परतताना

हॉटेलचं बिल आधल्या रात्री बघून घ्या. त्यात ग्रीन टॅक्स दिसेल: २०२५पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर, पन्नास किंवा त्याहून कमी खोल्यांच्या गेस्टहाउसमध्ये ६ डॉलर. जास्त कापले म्हणून भांडू नका, तो सरकारी कर आहे. देश सोडतानाचे कर विमानाच्या तिकिटातच आलेले असतात, विमानतळावर वेगळे मागत नाहीत.

सीप्लेनची परतीची वेळ आधल्या संध्याकाळी कळते आणि ती कंपनी ठरवते, तुम्ही नाही. उजाडल्यावर पहिलं सीप्लेन सुटतं, आणि घरी परतायच्या विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर पोहोचायचा हिशोब धरला तर मालेहून सकाळी नऊचं विमान सीप्लेनवाल्यांना मिळणारच नाही. परतीचं तिकीट दुपारचं काढा. संध्याकाळी उशिराचं काढलंत तर सीप्लेन तुम्हाला दुपारीच विमानतळावर आणून सोडेल आणि पुढचे चार-पाच तास तिथेच जातील.

शेवटची गफलत घड्याळाची होते. काही रिसॉर्टांची घड्याळं मालेच्या एक तास पुढे असतात, संध्याकाळचा उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून. रिसेप्शनवाला 'सात वाजता जेटीवर या' म्हणाला की ते सात बेटाचे की मालेचे, एवढं विचारून घ्या आणि मोबाईलमधला गजर त्याप्रमाणे लावा.