पोस्टग्रेसमध्ये विंडो फंक्शन आणि एक्स्टेंशन कशी वापरावीत

हजारो ओळी डेटाबेसमधून बाहेर काढायच्या आणि मग प्रोग्रॅममध्ये लूप लावून बेरजा करायच्या, ही मेहनत बहुतेक वेळा टाळता येते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये विंडो फंक्शन, म्हणजे ओळी तशाच ठेवून संबंधित ओळींवर हिशेब करणारी फंक्शन, २००९ सालच्या ८.४ आवृत्तीपासून आहेत, तरी अनेक जण गटवार बेरीज करणाऱ्या ‘ग्रुप बाय’च्या पुढे जातच नाहीत. खालचे आदेश वाचण्यासाठी देवनागरीत दिलेत, टाइप मात्र रोमन लिपीत करा.

सुरुवात चालू शिलकेपासून करा. व्यवहारांच्या टेबलात खाते, तारीख, रक्कम आणि आयडी असे कॉलम आहेत असं धरू:

सम(रक्कम) ओव्हर (पार्टिशन बाय खाते ऑर्डर बाय तारीख)

‘ग्रुप बाय’ ओळी गुंडाळून टाकतं. इथे प्रत्येक ओळ जागेवर राहते आणि शेजारी तिथपर्यंतची बेरीज येते. पण निकाल नीट तपासा. समजा शिल्लक १००० आहे आणि ५ तारखेला ५०० व ३०० असे दोन व्यवहार झाले. पहिल्यासमोर १५०० हवेत, पण दिसतात दोन्हींसमोर १८००! कारण ‘ऑर्डर बाय’मध्ये बरोबरीत येणाऱ्या ओळी पोस्टग्रेस एकदमच मोजतो. म्हणून ‘ऑर्डर बाय तारीख, आयडी’ असं लिहा, म्हणजे बरोबरी उरत नाही. ‘लास्ट_व्हॅल्यू’ही याच नियमामुळे फसवतं, कारण त्याची नजर चालू ओळ आणि तिच्या बरोबरीतल्या ओळींच्या पुढे जात नाही. त्याऐवजी उलटा क्रम लावून ‘फर्स्ट_व्हॅल्यू’ घ्या.

प्रत्येक खात्याचा फक्त शेवटचा व्यवहार हवा असेल, तर प्रत्येक खात्यात उलट्या क्रमाने ‘रो_नंबर’ (ओळ क्रमांक) द्या आणि त्या कॉलमचं नाव ‘क्रमांक’ ठेवा. क्रमांक १ असल्याची अट त्याच क्वेरीच्या ‘वेअर’मध्ये चालत नाही, कारण विंडोचा हिशेब ‘वेअर’नंतर होतो. आतली क्वेरी ‘विथ’मध्ये ठेवा आणि बाहेर ‘वेअर क्रमांक = १’ लिहा.

आता एक्स्टेंशन, म्हणजे पोस्टग्रेसला वरून जोडता येणाऱ्या सुविधा. ‘पीजी_अव्हेलेबल_एक्स्टेन्शन्स’ या व्ह्यूमध्ये सर्व्हरवर काय काय उपलब्ध आहे ते दिसतं. माझ्या मते पहिलं घ्यावं ते ‘पीजी_टीआरजीएम’:

क्रिएट एक्स्टेन्शन पीजी_टीआरजीएम;

हे ज्या डेटाबेसमध्ये चालवाल तिथेच लागू होतं. ते मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करतं. नावाच्या कॉलमवर ‘जिन_टीआरजीएम_ऑप्स’सह जिन प्रकारचा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बांधला, की दोन्ही बाजूंना टक्केचिन्ह असलेला, म्हणजे मजकुरात कुठेही शोधणारा ‘लाइक’ही इंडेक्स वापरू शकतो. नेहमीचा बी-ट्री प्रकारचा इंडेक्स इथे कामाचा नाही. शोधशब्द तीन अक्षरांपेक्षा छोटा असेल तर मात्र फायदा होत नाही.

कोणती क्वेरी वेळ खाते हे सांगणारं ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’ही लावा. त्यासाठी आधी ‘शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज’ या सेटिंगमध्ये त्याचं नाव घालून सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो.

इंडेक्स खरंच वापरला जातोय का, ते ‘एक्स्प्लेन अॅनालाइझ’ दाखवतं. ते क्वेरी प्रत्यक्षात चालवतं, त्यामुळे ‘अपडेट’ किंवा ‘डिलीट’ तपासताना आधी ‘बिगिन’ आणि शेवटी ‘रोलबॅक’ द्या, म्हणजे बदल मागे घेतले जातात.