चिमुकले ड्रॅगन घडवताय? या चुका टाळा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ड्रॅगनांत शेपटी तुटलेले सर्वांत जास्त. त्याखालोखाल पंख निखळलेले, आणि मग कडी उपटून आलेली पेंडंटं. करणारे वेगळे, क्ले वेगळी, गावं वेगळी, चुका मात्र त्याच. नऊ वर्षं मी पॉलिमर क्लेचे ड्रॅगन करते आहे. पेराएवढे कानातले, अंगठ्याएवढी पेंडंटं, टेबलावर बसणाऱ्या तीन-चार इंची मूर्ती, आणि प्रत्येकाचा आपापला स्वभाव. रविवारी घरी चार-पाच जणांना शिकवते, तेव्हा पहिल्या तासाला जे सांगते तेच इथे लिहिते आहे. तुटलेला ड्रॅगन हातात आला की मला मनापासून वाईट वाटतं. त्यात कुणाचे तरी सहा-सात तास गेलेले असतात.

ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवणं

शेपटी तुटते त्याचं कारण बहुतेक वेळा ओव्हनमध्ये असतं.

पॉलिमर क्लेला आपण माती म्हणतो, पण ती माती नव्हे. पीव्हीसी या प्लास्टिकची बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर, असं ते मिश्रण असतं. भाजताना ती वाळत नाही. उष्णतेनं पीव्हीसीचे कण ते प्लास्टिसायझर शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात. तेवढी उष्णता मिळाली नाही तर वस्तू थंड झाल्यावर वरून कडक लागते, पण आतले कण सुटेच राहतात. क्लेच्या प्रत्येक कंपनीचं तापमान वेगळं असतं: फिमोला ११० अंश सेल्सिअस लागतं, स्कल्पी प्रीमोला १३५, सर्निटला ११० ते १३०, आणि वेळ साधारण अर्धा तास. पाकिटावर हे छापलेलं असतं, आणि ते पाकीट लोक सर्वांत आधी फेकून देतात.

माझं पहिलं प्रदर्शन होतं तेव्हा मी तीस ड्रॅगन केले होते. ओटीजीचं, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनचं, बटण १३० वर लावलं, अर्धा तास मोजला, सगळे ठणठणीत दिसले. प्रदर्शनात दुपारनंतर मुलं यायला लागली. एकानं ड्रॅगन उचलला, शेपटी हातात आली. मी त्याला दुसरा दिला, त्याचीही शेपटी गेली. संध्याकाळपर्यंत अकरा ड्रॅगन मोडले होते. सात-आठ वर्षांची एक मुलगी शेपटीचा तुकडा तळहातावर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, याला दुखलं का हो?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन दुसऱ्या दिवशी ओव्हनचा वेगळा थर्मामीटर आणला आणि आत ठेवून पाहिलं. बटण १३० वर, आत ९५. तिसांपैकी एकही ड्रॅगन पुरता भाजला गेला नव्हता.

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगते. थर्मामीटर ओव्हनच्या आत, ड्रॅगनच्या शेजारी ठेवायचा, काचेवर चिकटवायचा नाही. खाली चिनी मातीची एक फरशी ठेवायची, कारण ती उष्णता धरून ठेवते आणि ओटीजी चालू-बंद होताना तापमान फार वरखाली होऊ देत नाही. फरशीवर साधा कागद पसरायचा, नाहीतर ड्रॅगनच्या पोटावर चकचकीत डाग पडतो. वरून अॅल्युमिनियम फॉइलचा तंबू करायचा, कारण ओटीजीच्या तापलेल्या सळया जवळ असतात आणि पांढरे, फिके रंग पिवळट पडतात. अर्ध्या तासाऐवजी मी पाऊण ते एक तास भाजते. तापमान बरोबर असेल तर जास्त वेळानं क्ले बिघडत नाही, उलट चिवट होते. प्रत्येक खेपेला त्याच क्लेची दोन मिलिमीटर जाडीची एक पट्टी शेजारी ठेवते. थंड झाल्यावर ती वाकवून पाहते. वाकून परत सरळ झाली तर ड्रॅगन बाहेर काढायचे, कट्कन मोडली तर सगळे परत आत. अर्धवट भाजलेली वस्तू पुन्हा भाजता येते, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

आता उलटी चूक. "तापमान वाढवलं तर दहा मिनिटांत होईल ना?" हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या घरी एकदा तरी धूर होतो. पीव्हीसी जळायला लागलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. क्ले काळी पडून धूर दिसला तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. मायक्रोवेव्ह, गॅसची ज्योत, मेणबत्ती यांचा इथे काही उपयोग नाही. ज्याला एक तास थांबवत नाही त्यानं हे काम हाती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सांगाडा नसलेलं अंग

तीन इंची ड्रॅगन भरीव क्लेचा करू नका. तो जड होतो, महाग पडतो आणि आत नीट भाजला जात नाही. अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून घट्ट गोळा करा, फरशीखाली दाबून गोल फिरवा, म्हणजे आत पोकळी राहणार नाही. पोकळीतली हवा भाजताना फुगते आणि पाठीवर फोड येतो. शेपटी, मान आणि पाय यांत तांब्याची तार घाला. पुण्याच्या बोहरी आळीत २० गेज जाडीची तार मिळते, तीच मी वापरते. तार क्लेत सरळ खुपसायची नाही, दुसऱ्या बारीक तारेचा पीळ तिच्यावर द्यायचा. गुळगुळीत तारेवरून क्ले सरकते.

पंखांच्या बाबतीत मी जास्त आग्रही आहे. नवशिके पंख म्हणून पिंपळपानासारखा एक तुकडा कापतात आणि पाठीला चिकटवतात. तो निखळणारच, आणि निखळला नाही तरी खोटा दिसतो. वटवाघळाचा पंख पाहा. तो हातच असतो. खांदा, कोपर, मनगट, एक छोटा अंगठा आणि छत्रीच्या काड्यांसारखी लांब बोटं. तुमच्या ड्रॅगनच्या पंखातही कोपर कुठे आणि मनगट कुठे, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. तार खांद्यातून धडात घाला, आणि शक्य असेल तर एकाच तारेतून दोन्ही पंख काढा. मला कधीकधी बरगड्यांवर ताणलेला पडदाही आवडतो. तो आपल्या पश्चिम घाटातल्या उडत्या सरड्याकडून घेतलेला आहे. गोव्याच्या जंगलात हा सरडा झाडावरून झाडावर तरंगत जातो आणि त्याचा पडदा हातांवर नसून लांबलेल्या बरगड्यांवर असतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला ड्रॅको, म्हणजे ड्रॅगन, असंच नाव दिलं आहे.

खवले लावायला लोक डोक्याकडून सुरुवात करतात आणि मग प्रत्येक रांग आधीच्या रांगेखाली कोंबत बसतात. कौलं कशी चढवतात ते आठवा. वळचणीपासून आढ्याकडे. तसंच शेपटीच्या टोकापासून मानेकडे या.

बारीक चुका, पण नेहमीच्या

पेंडंटची कडी सरळ खिळ्यासारखी खुपसली की साखळीच्या पहिल्या हिसक्याला बाहेर येते. तारेच्या टोकाला आकडा करून ती भाजण्याआधी आत पुरा. फॉइलच्या गाभ्यात अडकली तर उत्तम.

कानातलं एका कानाला पाच ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. काट्यात निकेल असेल तर पुष्कळांचे कान चिघळतात, म्हणून निकेल नसलेली चांदी.

नेलपॉलिश लावू नका. आज चमकतं, काही दिवसांनी चिकट होतं आणि मग निघतही नाही. पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) वॉर्निश घ्या. अभ्रकाची चमकदार पूड भाजण्याआधी लावायची, वॉर्निश भाजल्यानंतर.

पांढरी क्ले शेवटी नव्हे, सगळ्यांत आधी मळा. हाताला लाल रंग लागलेला असताना पांढरा ड्रॅगन पांढरा राहत नाही. बोटांचे ठसे आणि धाग्याचे तंतू दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवा.

प्लास्टिकचे मणी डोळ्यांसाठी वापरू नका, ओव्हनमध्ये ते वितळतात. काचेचे घ्या.

उन्हाळ्यात क्ले लोण्यासारखी होते. विदर्भातल्या माझ्या दोन विद्यार्थिनी मे महिन्यात ती फ्रीजमध्ये ठेवतात आणि पहाटे काम करतात, हे मला पटतं. क्ले मळायला वापरलेलं लाटणं मात्र पुन्हा पोळ्यांना वापरायचं नाही.

स्वभाव कार्डावर लिहिणं

ही माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठी चूक. अशा ड्रॅगनचं काही मोडत नाही, म्हणून ती दुरुस्तीला येत नाही, आणि म्हणून लोकांना ती कळतच नाही.

पॉलिमर क्लेचा इतिहास बाहुल्यांच्या घरातला आहे. जर्मनीत केटे क्रूझ या प्रसिद्ध बाहुलीकार होत्या. त्यांची मुलगी सोफी, घरातलं नाव फिफी, हिनं या पदार्थावर काम केलं. बाहुल्यांची डोकी करायला तो सोयीचा ठरला नाही, पण फिफी आणि मोझाइक या दोन शब्दांतून फिमो हे नाव आलं आणि १९६६ मध्ये त्या नावानं क्ले बाजारात आली. हे मी मुद्दाम सांगते, कारण बाहुली करणाऱ्याला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही हवं. जीव चेहऱ्यात आणि बसण्यात असतो.

एका वर्षी मी पाच भावंडांचा संच केला होता. भित्रा, रागीट, आळशी, लबाड आणि चिक्कू. प्रत्येकासमोर सुंदर अक्षरात कार्ड, त्यावर चार ओळींची गोष्ट. मोकळ्या मैदानात मांडलेलं टेबल, दुपारी वावटळ आली आणि पाचही कार्डं उडाली. ती गोळा करून आणली आणि परत लावायला गेले, तर कोणतं कार्ड कोणाचं हे मलाच ओळखता येईना. पाचांचे चेहरे एकच, बसणं एकच, फक्त रंग वेगळे. रंगावरून मी ती कार्डं लावली खरी, पण त्या संध्याकाळी पाचही ड्रॅगन विकायचे थांबवले आणि घरी नेले.

त्या दिवसापासून मी विशेषण घेऊन कामाला बसत नाही, क्रियापद घेऊन बसते. "शूर" हे घडवता येत नाही. "कढीपत्त्याच्या कुंडीवर बसून पालीला हाकलतो" हे घडवता येतं. लगेच कळतं की त्याचे पुढचे पाय कुंडीच्या काठावर आहेत, मान पुढे काढलेली आहे, शेपटी तोल सांभाळायला मागे लटकते आहे. क्लेला हात लावण्याआधी असं एक वाक्य वहीत लिहा. वाक्य सुचत नसेल तर त्या दिवशी खवले करून ठेवा, चेहरा करू नका.

मग वजन. भित्र्याचं वजन मागच्या पायांवर असतं, मान खांद्यांत ओढलेली, शेपटी पुढे घेऊन पंजांवर ठेवलेली. आळशाची हनुवटी जमिनीला टेकते आणि एक पंख अंगावरून घसरलेला असतो. चिक्कूच्या हातात मोती द्या आणि चारही पायांनी तो धरायला लावा. लबाडाचं तोंड एकीकडे आणि बुबुळ दुसरीकडे.

आणि पापणी. चार सेंटीमीटरच्या ड्रॅगनमध्ये वरची पापणी अर्धा मिलिमीटर खाली आली की जागा असलेला ड्रॅगन झोपाळू होतो. तीच पापणी नाकाकडे उतरती केली की रागावतो, बाहेरच्या बाजूला उतरती केली की केविलवाणा होतो. म्हणून मी डोळे आधी बसवते, आरशात धरून दोन्ही एका पातळीत आहेत का पाहते, आणि पापण्या सगळ्यांत शेवटी, ताज्या डोळ्यांनी, बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी लावते. एका बैठकीत ड्रॅगन संपवायचाच असा हट्ट धरणाऱ्यांचे ड्रॅगन पापण्यांवरून ओळखू येतात. दोन सारखे गोळे चिकटवलेले असतात आणि त्या डोळ्यांत कोणी नसतं.

झालेला ड्रॅगन मी शेजारच्या मुलांना दाखवते, काही न सांगता. "हा काय करतोय?" एवढंच विचारते. मुलांचं उत्तर माझ्या वहीतल्या वाक्याच्या जवळपास आलं तरच तो ओव्हनमध्ये जातो. नाही आलं तर मान परत फिरवते.

मोडलाच तर

फेकू नका, आणि झटपट गोंदही लावू नका. त्याचा जोड ठिसूळ असतो आणि पुन्हा भाजताना सुटतो. दोन्ही तुकडे आधी बरोबर तापमानाला परत भाजून घ्या. थंड झाल्यावर बारीक ड्रिलनं दोन्हीकडे छिद्र पाडा, आत तांब्याची तार घाला, तुटलेल्या कडा सँडपेपरनं खरखरीत करा, लिक्विड क्ले, म्हणजे पातळ पॉलिमर क्ले, लावा, सांध्यावर ताज्या क्लेचं वेटोळं बसवा आणि पुन्हा एक तास भाजा.

प्रदर्शनातल्या त्या मुलीचा पत्ता मी तिच्या आईकडून घेऊन ठेवला होता. तिच्या ड्रॅगनची शेपटी मी अशीच जोडली. सांध्यावर खवल्यांची एक रांग जास्त आहे, सोनेरी. तो घरी पोचला तेव्हा आईनं फोन तिच्याकडे दिला, आणि आता दुखत नाही असं तिनं मला सांगितलं.