उन्हाळ्यात गच्चीवर ‘सॉयलेंट ग्रीन’ दाखवायचा असेल तर

पहिली गोष्ट, हा पिक्चर एसीत बसून पाहायचा नाही. १९७३ चा जुना अमेरिकन पिक्चर आहे, रिचर्ड फ्लायशरचा, त्यात २०२२ सालचं न्यूयॉर्क दाखवलंय, चार कोटी लोक एका शहरात कोंबलेले, आणि सगळेच्या सगळे घामेजलेले, शर्ट पाठीला चिकटलेले, शेवटपर्यंत कोणाचा घाम काही वाळत नाही. मी पहिल्यांदा डिसेंबरात रजई घेऊन पाहिला होता आणि खरं सांगतो, अर्ध्यात झोपलो. मग एका नवतप्यात (मे अखेरचे ते सगळ्यात तापते नऊ दिवस) रात्री लाईट गेली, घरात बसवत नव्हतं म्हणून लॅपटॉपच्या बॅटरीवर गच्चीत तोच पिक्चर लावला आणि तेव्हा कळलं की याला नागपूरचा मे महिना लागते. आपल्याकडं उन्हाळा म्हणजे काय ते वेगळं सांगायची गरज नाही, २०२४ च्या मे अखेरीला एका ऑटोमॅटिक यंत्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, नंतर सेन्सर बिघडलं होतं असं निघालं, पण त्या दुपारी ज्यानं घराबाहेर पाय टाकला होता त्याला ५६ काही खोटं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून मी तीनदा गच्चीवर लोकांना दाखवला. दोनदा फसला. तिसऱ्यांदा जमला म्हणून हे लिहून राहिलो.

गच्ची आधी थंड करा. दिवसभराचा स्लॅब तापलेला असते, रात्री दहापर्यंत खालून भट्टीसारखी धग मारते, चादर टाकून बसाल तर दहा मिनिटांत उठाल. पाणी मारावंच लागते. पण हा पिक्चर दाखवायला टँकरचं पाणी गच्चीवर ओतणं म्हणजे लाज काढणंच झालं ना बाप्पा, म्हणून यावर आम्ही काढलेला उपाय सांगतो. कूलरची टाकी डेंग्यूच्या भीतीनं आठवड्यातून एकदा रिकामी करावीच लागते, ते शिळं पाणी नालीत सोडायच्या ऐवजी त्याच दिवशी गच्चीवर आणा. तीन-चार घरचे कूलर मिळून आठ-दहा बादल्या होतात. संध्याकाळी सहाला एकदा मारा, पहिलं पाणी तर चर्र करून उडूनच जाते, मग साडेसातला दुसऱ्यांदा. त्यानंतर सतरंजी.

सूर्य पावणेसातच्या आसपास बुडतो पण उजेड रेंगाळते, पावणेआठच्या आधी सुरू करू नका. यातले बाहेरचे सीन मुद्दाम पिवळट-हिरवट धुरकट केले आहेत आणि रात्रीचे सीन अंधारेच आहेत, साधा प्रोजेक्टर असला तर उजेडात काहीच दिसत नाही. चादरीपेक्षा जिन्याच्या खोलीची चुना मारलेली भिंत बरी. मे मधे रात्री मधेच हवा सुटते आणि चादरीवर हिरोचं नाक कानापर्यंत जाते, आमच्याकडं झालं आहे. स्पीकर वायरचा घ्या. आणि सबटायटल चालू ठेवाच, कारण आजूबाजूच्या घरांचे कूलर घुर्र करत असतात, त्यात अमेरिकन बोलणं कोणाच्या बापाला कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शेवट सांभाळणे. या पिक्चरचा शेवट इतका प्रसिद्ध आहे की नाव शोधलं की पहिल्याच ओळीत सापडते. म्हणून ग्रुपवर मेसेज टाकताना नाव टाकायचंच नाही. मी दुसऱ्या वेळी टाकलं होतं, “शनिवारी सॉयलेंट ग्रीन, सात वाजता, सतरंजी आणा”, तर आमच्या भाच्यानं पाच वाजता मोबाईलवर पाहिलं आणि साडेसहापर्यंत पूर्ण बिल्डिंगमधल्या पोट्ट्यांना, वॉचमनला, इस्त्रीवाल्या भाऊला, सगळ्यांना शेवट पाठ. पिक्चर सुरू व्हायच्या आधीच लोक हसून राहिले होते. आता मी एवढंच टाकतो की जुना इंग्रजी पिक्चर आहे, पोलिसाचा आहे, खून आहे. खोटं काहीच नाही त्यात. इथंही मी शेवट सांगणार नाही, कमेंटमधे कोणी सांगितला तर मी काही करू शकत नाही.

सुरू करायच्या आधी पाच मिनिटं मराठीत थोडं सांगा, नाहीतर अर्धे लोक पहिल्या वीस मिनिटांत हरवतात. थॉर्न नावाचा पोलीस आहे (चार्लटन हेस्टन), तो सोल नावाच्या म्हाताऱ्यासोबत एका खोलीत राहतो. म्हाताऱ्याला जुनी दुनिया आठवते, थॉर्नला नाही, तो या गर्दीतच जन्मला. दोन शब्द आधीच समजावून ठेवा. पोलिसांसाठी जुनी कागदपत्रं चाळून माहिती काढणाऱ्या अशा म्हाताऱ्या लोकांना तिथं “पुस्तक” म्हणतात. आणि श्रीमंतांच्या फ्लॅटसोबत जी बाई मिळते, भाडेकरू बदलला तरी फ्लॅटमधेच राहते, तिला “फर्निचर” म्हणतात. हे सांगितलं नाही तर सबटायटलमधे “हे फर्निचर कोणाचं” आलं की मागून कोणीतरी सोफा शोधत राहते. सॉयलेंट ग्रीन म्हणजे कंपनीच्या हिरव्या चौकोनी वड्या, समुद्रातल्या प्लँक्टनच्या, म्हणजे अगदी बारीक जीवांच्या आहेत असं कंपनी सांगते, मंगळवारी वाटतात, आणि संपल्या की दंगल. दंगल झाली की ट्रक येतात आणि पुढच्या लोखंडी सुपड्यानं माणसं मलब्यासारखी उचलून मागं टाकतात.

ज्यांना वाचायचं वेड आहे त्यांना मूळ कादंबरीबद्दल सांगा, हॅरी हॅरिसनची १९६६ ची, ती १९९९ सालात घडते. त्यात सॉयलेंट म्हणजे सरळ सोयाबीन अधिक मसूर, आणि पिक्चरचा तो शेवट पुस्तकात नाहीच, म्हणून पुस्तक आधी वाचलं तरी काही फुटत नाही. सोयाबीन आणि मसूर ऐकून आमची मावशी म्हणे, “एवढंच ना? मंग त्यात एवढं काय हाय, आमच्या शेतात तेच पिकते.”

लेकरांचं म्हणाल तर बारा-तेराच्या खालचे नको. घाण काही नाही, पण मारामारी आहे आणि एक-दोन सीन डोक्यात राहतात.

खाण्याचा बेत. इथंच बहुतेक लोक चुकतात. पहिल्या वेळी मी चिवडा, सांबारवडी, आईस्क्रीम सगळं ठेवलं होतं आणि पिक्चर पूर्ण फुकट गेला. तोंड चालू असलं की हा पिक्चर चालत नाही. लोकांना सांगा जेवण नंतर आहे, येताना घरून काही खाऊन येऊ नका. मधे एक माठ ठेवा आणि मध्यंतरापर्यंत माणशी एक ग्लास, मोजून. म्हातारे, लेकरं, ज्यांना शुगर-बीपी आहे त्यांना हा नियम नाही, त्यांच्यासाठी कैरीचं पन्हं वेगळं भरून ठेवा, उन्हाळ्याचे दिवस आहेत, नाटक करायला जाऊन कोणी चक्कर येऊन पडायला नको. बाकीच्यांना एक ग्लास पुरते. कटकट करतात, करू द्या.

आणि आंबे आणा. पाच माणसांमागं एकच. पिक्चरमधे सफरचंद आहे पण सफरचंदाचं आपल्याला काय कौतुक, संत्र मे मधे मिळत नाही, म्हणून आंबाच. आधीच चिरून डब्यात बंद करून ठेवा, वास आला पाहिजे पण दिसला नाही पाहिजे.

तो कधी काढायचा ते सांगतो. थॉर्न एका श्रीमंताच्या खुनाच्या तपासाला त्याच्या फ्लॅटवर जातो आणि तपास कमी, सामान उचलणं जास्त. उशीची खोळ काढून त्यात भरत सुटतो. नळाला पाणी आहे, साबण आहे, तर तो तोंड धुतो आणि साबण नाकाला लावून हुंगत बसतो. तेव्हा आमची मावशी मोठ्यानं म्हणाली, “काहून रे, त्याले साबण नाही दिसला का कधी?” आणि मग स्वतःच गप्प झाली. घरी येऊन तो म्हाताऱ्यापुढं खोळ रिकामी करतो. भाजीचा पाला, सफरचंद, आणि गाईच्या मांसाचा एक तुकडा. म्हातारा तो तुकडा पाहून रडते. मग तो स्वयंपाक करतो, मांडतो, आणि दोघं जेवतात. जवळपास काही बोलतच नाहीत. म्हातारा प्रत्येक घासाला थॉर्नच्या तोंडाकडं पाहते, आवडलं का म्हणून, आणि थॉर्नला कळतच नाही की हे कसं खायचं असते, कारण त्यानं आयुष्यात कधी खाल्लंच नाही. शाकाहारी मंडळींनाही हा सीन लागतो, आईला लागला, ती अंडंही खात नाही.

हा सीन संपला की तिथंच थांबवा. हाच मध्यंतर. लाईट लावू नका, डबा उघडा, माणशी एक फोड. दुसरी मागितली तरी नाही. तिसऱ्या वेळी मी पाहिलं, एरवी साली फेकून मोकळे होणारे लोक सालीचा गर दातानं खरवडत होते. त्यानंतर दीडशे डॉलरच्या स्ट्रॉबेरी जॅमच्या बाटलीची गोष्ट येते तेव्हा कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा भाग एका दमात. शेवटाकडं म्हातारा सोल एका इमारतीत जातो, तिथं त्याच्यासाठी मोठ्या पडद्यावर फुलं, हरणं, वाहतं पाणी लागते आणि बीथोवनचं संगीत. तिथं फोन उचलायचा नाही, मच्छर चावला तरी हलायचं नाही. सोल झालेला एडवर्ड जी. रॉबिन्सन तेव्हा खरोखर आजारी होता, कानानं जवळपास ऐकू येत नव्हतं, आणि पिक्चर लागायच्या आधीच, जानेवारी १९७३ मधे तो गेला. हे मात्र लोकांना नंतर सांगा, आधी सांगितलं तर ते पिक्चर सोडून त्याची तब्येत पाहत बसतात.

संपल्यावर दोन मिनिटं कोणी बोलणार नाही, बोलायला लावू नका. मग एक काका नक्की म्हणतील की पाहा, लोकसंख्या, आम्ही सांगत होतो. त्यांना आकडे द्या, प्रेमानं. २०२२ मधे न्यूयॉर्क चार कोटी नाही, पंच्याऐंशी लाखांच्या आसपासच होतं. जग त्या वर्षी आठशे कोटींवर गेलं हे खरं, पण २०१९-२१ च्या सरकारी आरोग्य पाहणीत आपल्या देशात एका बाईमागं सरासरी दोन लेकरं निघाली, महाराष्ट्रात त्याहूनही कमी. गर्दीचा अंदाज चुकला बाप्पा. जे चुकलं नाही ते दुसरंच आहे. म्हातारा त्यात १९७३ मधेच हरितगृह परिणामाचं नाव घेऊन बाराही महिने उष्णतेची लाट आहे म्हणून चिडते. आणि जिन्यावर माणसं झोपलेली, थॉर्न त्यांच्या अंगावरून पाय टाकत वर जातो, आणि त्याच शहरातल्या त्या फ्लॅटमधे एसी फुल करून जुन्यासारखा हिवाळा करता येते. मी काकांना २०१९ ची आठवण दिली, तोतलाडोह धरण आटलं होतं, जुलैमधे नागपूरला दिवसाआड पाणी झालं होतं, तेव्हा तुमच्या गल्लीत कोणाच्या घरची बोअर चालू होती आणि कोण बादल्या घेऊन उभं होतं? काका म्हणाले आमच्याकडं बोअर आहे. मग थोडा वेळ शांतता.

जेवणात गरम काहीतरी ठेवा, झुणका-भाकर, वडाभात, काहीही, फक्त ताजं आणि ज्यात काय टाकलं ते सगळ्यांना दिसेल असं. आणि चहासोबत बिस्किटाचा पुडा फोडू नका. मी फोडला होता. कोणी हात लावला नाही, सकाळी तसाच सादळलेला सापडला.