मनाली ते लेह सायकलने: आधी मुक्काम ठरवा, मग किलोमीटर

मनाली ते लेह हे अंतर रोहतांगमार्गे पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरतं. पसरणी घाट न थांबता चढणाऱ्याला वाटतं, आठ दिवसांत सहज होईल. बहुतेकांचा बेत इथेच फसतो. पायांत ताकद असते, पण अंगाला विरळ हवेची सवय नसते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. त्यामुळे सह्याद्रीत कितीही घाट मारले तरी ही सवय घरी होत नाही. ती वाटेतच लावून घ्यावी लागते आणि त्यासाठीचे दिवस आधीच धरावे लागतात. मनालीपासून १३-१४ दिवस धरा.

नियम एकच: ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू द्यायची नाही. दिवसा खिंड कितीही उंच ओलांडली तरी हिशेब रात्रीचा.

मनालीत (सुमारे २,००० मीटर) दोन रात्री काढा. मग मढी, तिथून रोहतांग खिंड (३,९७८) ओलांडून कोकसर, पुढे केलाँग. केलाँगला एक पूर्ण दिवस विश्रांती घ्याच. त्यानंतर दारचा, पत्सेओ आणि मग बारालाचा खिंड ओलांडून सरचू (सुमारे ४,३००). पत्सेओ ते सरचू ही वाढ नियमापेक्षा थोडी जास्तच आहे, म्हणून केलाँगचा विश्रांतीचा दिवस कापू नका. सरचूची खरी अडचण वेगळी आहे. तिथे रात्री त्रास वाढला तर केलाँगकडे उतरायला आधी बारालाचा चढावा लागतो. पत्सेओला डोकं दुखत असेल, जेवण जात नसेल, तर दुसऱ्या दिवशी तिथेच थांबा.

सरचूनंतरचा दिवस मुद्दाम छोटा ठेवा: गाटा लूप्स या वळणावळणाच्या चढाच्या पायथ्याशी नदीकाठी तंबू. दुसऱ्या दिवशी पहाटे २१ वळणं चढून नकी ला, मग लाचुंग ला आणि खाली पांग. या दोन खिंडींच्या मध्ये व्हिस्की नाल्यावर चहाचे तंबू असतात. थकलेला माणूस तिथेच आडवा होतो. तिथे झोपू नका, कारण कुठल्याही बाजूला उतरायचं तर आधी चढावं लागतं. पांगनंतर मोरे मैदान सुमारे ४० किलोमीटर सपाट आहे, पण दुपारी समोरून वारा सुटला की सपाटीवरही घाटासारखा दम लागतो. पहाटे निघा. डेब्रिंगला मुक्काम, मग तांगलांग ला (५,३०० मीटरच्या वर), रुमत्से आणि लेह.

डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला, किंवा एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत सरळ रेषेत चालताना तोल गेला, तर रात्र असली तरी गाडी करून खाली न्या. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगून.

सायकलीत सर्वांत हलका गिअर निदान एकास एक हवा, म्हणजे पुढे ३४ दात असतील तर मागेही ३४. सामान लादलं असेल तर त्याहून हलका. डांबर बरंच सुधारलं आहे, तरी नाले आणि खडीचे तुकडे आहेतच. २८ मिलिमीटरच्या टायरवर हट्टाने जाऊ नये; ३५ ते ४० बरे. डिस्क ब्रेकच्या पॅडवरचा घासणारा थर १ मिलिमीटरपेक्षा कमी उरला की पॅड बदला. पावसात आणि बारीक चिखलात तो बघता बघता संपतो, म्हणून दोन जोड्या जवळ ठेवा. आपल्याच मॉडेलचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) न्या, कारण तो वाटेत मिळत नाही आणि खोक्यात सायकल दाबली गेली की हाच आधी वाकतो. पॅकिंग करताना डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे विसरू नका. नेहमीसारखं फिरवून जोर लावलात तर ते आणखी आवळतं.

नाले सकाळी दहाच्या आत ओलांडा. उन्हाने बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्यापर्यंत येतं. सँडल घालूनच उतरा, अनवाणी नको. पलीकडे गेल्यावर साखळी पुसून तेल द्या.

जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा काळ ठीक. केलाँगनंतर एटीएमचा भरवसा धरू नका, रोख रक्कम बाळगा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. लेहहून परतीचं विमान दोन मोकळे दिवस सोडून काढा. दरड कोसळली की रस्ता कधी सुटेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि तिकीट वाचवायला एका दिवसात दोन मुक्काम उरकणं हीच सर्वांत महाग चूक ठरते.