अंगणातल्या दुर्बिणीतून चंद्राचे छायाचित्र घेताना

चंद्राचे छायाचित्र घ्यायचे ठरले की बहुतेक जण पौर्णिमेची वाट पाहतात, आणि नेमकी तीच रात्र या कामासाठी सर्वांत कमी उपयोगाची असते. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्राच्या पृष्ठभागावर जवळजवळ समोरून पडतो, त्यामुळे विवरांच्या कडांना आणि पर्वतांना सावल्याच उरत नाहीत आणि चित्र सपाट येते. कोजागिरीच्या चंद्रावर टायको विवरापासून दूरवर पसरलेले पांढरे पट्टे मात्र उत्तम दिसतात. तेवढेच टिपायचे असतील तर ती रात्र जरूर साधावी. चंद्राचे खडबडीत रूप दिसते ते प्रकाश आणि अंधार यांच्या सीमारेषेजवळ, म्हणून दुर्बीण आणि कॅमेरा यांचा विचार करण्याआधी तिथी ठरवावी.

घरातल्या दिनदर्शिकेवर तिथी छापलेली असतेच, आणि ती येथे फार नेमकी कामास येते; कारण सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतर 12 अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. शुक्ल अष्टमीच्या मध्यावर हे अंतर 90 अंश होते आणि सीमारेषा चंद्रबिंबाच्या मधोमध येते. शुक्ल षष्ठीच्या सुमारास थिऑफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन विवरे सावल्यांसह उठून दिसतात. अष्टमीला टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाशेल यांची उभी रांग आणि अपेनाइन पर्वत दिसतात. दशमीला 93 किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस आणि दक्षिणेकडचे विस्तीर्ण क्लेव्हियस यांवर नुकताच सूर्य उगवलेला असतो. दिनदर्शिकेत सहसा सूर्योदयाच्या वेळची तिथी दिलेली असते, तेव्हा तिच्या समाप्तीची वेळही पाहावी. संध्याकाळपर्यंत पुढची तिथी लागलेली असू शकते. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 चंद्रावर उतरले, त्या संध्याकाळी शुक्ल सप्तमी होती. ते यान आपल्या दुर्बिणीतून दिसणे शक्य नाही, पण दक्षिण कडेजवळचा तो विवरांनी भरलेला प्रदेश छायाचित्रात ओळखता येतो, आणि तो शोधण्यात मोठा आनंद आहे.

संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी इंदूरमधली अनेक मराठी कुटुंबे गच्चीवर असतात, आणि त्याच वेळी दुर्बीण लावण्याचा मोह होतो. क्षितिजाजवळच्या चंद्राचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो, त्यामुळे बिंब लाटांवर हलल्यासारखे दिसते. चंद्र निदान 40 अंश वर येईपर्यंत थांबावे. शुक्ल पक्षातील अर्धचंद्राची गोष्ट उलटी असते: तो सूर्यास्ताच्या सुमारास सर्वांत उंच असतो आणि पुढे उतरत जातो, म्हणून तयारी दिवसाउजेडी करावी लागते. इंदूर साधारण 22.7 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे माघ आणि फाल्गुनातला अष्टमीचा चंद्र तिन्हीसांजेला जवळजवळ डोक्यावर येतो. रात्री अजून गार असतात आणि चंद्र सर्वांत पातळ हवेतून दिसतो. माझ्या मते वर्षातला हाच काळ सर्वोत्तम. रथसप्तमीची संध्याकाळ आणि तिच्या पुढच्या तीन संध्याकाळी राखून ठेवाव्यात.

आता हवेविषयी, कारण छायाचित्राची खरी मर्यादा बहुधा तीच ठरवते. 130 मिलिमीटर व्यासाची दुर्बीण तत्त्वतः सुमारे 0.9 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) एवढा बारीक तपशील वेगळा दाखवू शकते, म्हणजे चंद्रावर साधारण पावणेदोन किलोमीटर. हवा अस्थिर असेल तर तीच दुर्बीण चार किलोमीटरचाही तपशील नीट दाखवत नाही. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावरून, सुमारे दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून येणारा अतिवेगवान वायुप्रवाह वाहत असतो आणि त्याने प्रतिमा थरथरते. म्हणून पावसाचे ढग ओसरल्यानंतरची, ताऱ्यांनी लखलखणारी स्वच्छ रात्र दिसायला सुंदर असली तरी चंद्रासाठी अनेकदा निराशाजनक ठरते, तर किंचित धुरकट, वारा पडलेल्या रात्री विवरांच्या कडा कोरल्यासारख्या दिसतात. परीक्षा सोपी आहे. डोक्यावरच्या ताऱ्यांकडे पाहावे. तेही जोरात लुकलुकत असतील तर त्या रात्री मोठ्या वर्धनाचा हट्ट धरू नये आणि पूर्ण बिंबाचे छायाचित्र घेऊन समाधान मानावे.

दुसरी अस्थिरता आपल्या पायाखाली असते. सिमेंटची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री बराच वेळ उष्णता सोडत राहते, त्यामुळे अंगणातली माती किंवा हिरवळ केव्हाही अधिक चांगली. गच्चीच वापरायची असेल तर शेजारच्या घरांच्या छपरांवरून चंद्र दिसेल अशी दिशा टाळावी. तिसरी अस्थिरता दुर्बिणीच्या नळीतच असते. खोलीत 22 अंशांवर असलेला आरसा 12 अंशांच्या हवेत आणला की त्याच्यावर ऊबदार हवेचा थर थरथरत राहतो, आणि फोकस कितीही फिरवला तरी प्रतिमा स्थिर होत नाही. 130 ते 150 मिलिमीटरच्या आरशाला बाहेरच्या तापमानाला येण्यासाठी पाऊण ते एक तास द्यावा. मोठ्या आरशाला अधिक. शुक्ल अष्टमीला दुर्बीण पाचच्या सुमारास बाहेर काढावी, पण सावलीत, झाकण लावून आणि सूर्याच्या दिशेला पाठ करून. मावळतीचा सूर्य चुकूनही नळीत येता कामा नये, कारण त्याने डोळा कायमचा जाऊ शकतो.

मध्यरात्रीनंतर दव पडू लागते. भिंगाच्या दुर्बिणीला पुढे पुठ्ठ्याची किंवा फोमची नळी लावल्यास दव उशिरा जमते. काचेवर दव जमलेच तर ते कापडाने पुसू नये. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा दुरून द्यावी. काम संपल्यावर थंड दुर्बीण झाकण लावून पेटीत ठेवावी आणि मगच घरात आणावी.

शहरातल्या दिव्यांची चिंता करू नये. चंद्र इतका तेजस्वी असतो की रामबागेतल्या अंगणातून घेतलेले छायाचित्र आणि माळव्यातल्या एखाद्या खेड्यातून घेतलेले छायाचित्र यांत दिव्यांमुळे फरक पडत नाही. फक्त एखादा दिवा थेट नळीत चमकत नाही ना, एवढे पाहावे.

सुरुवात मोबाइलने करणे योग्य. 25 मिलिमीटरच्या आसपासचा आयपीस (डोळा लावायचे भिंग) लावावा, त्यातून चंद्र डोळ्याने नीट फोकस करावा आणि मग मोबाइल आयपीसवर बसवण्यासाठी मिळणारा अडॅप्टर वापरावा. हाताने धरलेला मोबाइल कधीच सरळ राहत नाही. मुख्य कॅमेरा निवडावा, रुंद कोनाचा नव्हे. पडद्यावर सीमारेषेजवळ बोट दाबून ठेवून फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करावा, आणि विवरांच्या उजळ कडा पांढऱ्याफटक दिसणे थांबेपर्यंत प्रकाश कमी करावा. रात्रीची पद्धत (नाइट मोड) आणि दृश्य ओळखून आपोआप सुधारणा करणारी सोय बंद ठेवावी, कारण काही मोबाइल चंद्र ओळखून आपल्याकडचा तपशील भरतात आणि मग ते छायाचित्र आपल्या दुर्बिणीचे राहत नाही. बटणाऐवजी दोन किंवा तीन सेकंदांचा टायमर वापरावा.

डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा असेल तर लेन्स काढून टी-रिंग या जोडकड्याच्या साहाय्याने तो थेट दुर्बिणीला जोडता येतो. सेन्सरवर पडणाऱ्या चंद्रबिंबाचा व्यास दुर्बिणीच्या नाभीय अंतराच्या (मुख्य भिंग किंवा आरसा आणि त्याची प्रतिमा यांतील अंतराच्या) सुमारे 110 व्या भागाएवढा असतो: 1200 मिलिमीटरला जवळपास 11 मिलिमीटर, म्हणजे एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरवर पूर्ण चंद्र आरामात मावतो. अनेक न्यूटनीय (आरशाच्या) दुर्बिणींत कॅमेरा पुरेसा आत जात नाही आणि फोकस लागत नाही; अशा वेळी बार्लो (प्रतिमा मोठी करणारे) भिंग मध्ये घातल्यास बहुधा अडचण सुटते, मात्र प्रतिमा मोठी होऊन बिंबाचा एक भागच चौकटीत येऊ शकतो. एफ/8 च्या (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट असलेल्या) दुर्बिणीवर अष्टमीला आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) 200 आणि सेकंदाचा शंभरावा भाग, तर पौर्णिमेला आयएसओ 100 आणि सेकंदाचा अडीचशेवा भाग येथून आरंभ करून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहत बदल करावा. एवढ्या कमी वेळात चंद्राची सरक चित्रात उमटत नाही, म्हणून मोटर नसलेले माउंटही (दुर्बीण पेलणारा आधार) चालते. फोकस पडद्यावर दहापट मोठे करून, सीमारेषेवरच्या एखाद्या लहान विवरावर लावावा, आणि तापमान उतरत असल्याने दर वीस-पंचवीस मिनिटांनी तो पुन्हा तपासावा.

सर्वाधिक तपशील मिळतो तो चित्रफितीतून. हवा प्रत्येक क्षणी सारखी नसते. मिनिटभराच्या चित्रफितीत काही चौकटी (सुटी चित्रे) स्थिर हवेच्या निघतात. ऑटोस्टॅकर्ट ही विनामूल्य संगणकप्रणाली चौकटींची प्रतवारी लावते आणि उत्तम चौकटी एकमेकींवर बसवते. हवा बरी असेल तर वरच्या 20 टक्के, वाईट असेल तर 5 ते 10 टक्के चौकटी घ्याव्यात. त्यानंतर रेजिस्टॅक्स या दुसऱ्या प्रणालीमध्ये धार वाढवावी, पण बिंबाच्या उजळ कडेबाहेर काळी किंवा पांढरी रेघ दिसू लागली की एक पाऊल मागे यावे, कारण त्यापुढे दिसणारा तपशील चंद्रावरचा नसतो. शेवटी दिशा तपासावी: न्यूटनीय दुर्बिणीत प्रतिमा उलटी, तर डायगोनल (प्रकाश वळवणारा छोटा आरसा) लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत डावी-उजवी बदललेली असते. उत्तर वर ठेवली असता मारे क्रिसियम हा अंडाकृती काळा डाग उजव्या कडेजवळ आला पाहिजे. तो डावीकडे असेल तर चित्र आरशातले आहे, ते आडवे उलटवून घ्यावे.