एका कानाला अचानक दडे बसले तर

सकाळी फोन नेहमीच्या कानाला लावला तर पलीकडचे काहीच ऐकू येत नाही. दुसऱ्या कानाला लावला तर स्पष्ट येते. गोव्याच्या पावसाळ्यात अशा वेळी आधी पाण्यावर संशय, मग मळावर. कानात कोमट खोबरेल तेल जाते आणि आठवडा निघून जातो. अंदाज पुष्कळदा खराही ठरतो. पण बिघाड आतल्या कानाचा असेल तर औषध द्यायचा आठवडा नेमका तोच होता.

तोंड मिटून 'हं' असा लांब सूर धरा. आवाज बंद कानात घुमला तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो : मळ, बुरशी, सर्दी. चांगल्या कानाकडे सरकला तर आतल्या कानावर संशय घ्या. डॉक्टर कपाळावर ५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा काटा) टेकवून हेच पाहतात. हा अंदाजच, खात्री ऑडिओग्रामने, म्हणजे ऐकण्याच्या मोजणीच्या आलेखाने होते. तीन दिवसांच्या आत, लागून असलेल्या तीन कंपनसंख्यांवर ३० डेसिबल किंवा अधिक घट झाली असेल तर ही तातडीची बाब.

म्हणून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हा विभाग आहे. तेल, काडी, पिचकारी काही नको. कान पाहून 'मळ नाही, पडदा ठीक' एवढेच सांगितले, तर ऑडिओग्राम मागून घ्या. नुसत्या अँटिबायोटिक थेंबांवर घरी परतणे ही इथली नेहमीची चूक.

आतल्या कानाच्या बिघाडावर उपचार बहुधा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा : वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम, दिवसाला कमाल ६० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर लाभाची शक्यता जास्त. तेवढ्याने भागले नाही तर पडद्याआड स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहायला एमआरआय. गोळ्या मनाने घेऊ नका.

मूल तक्रार करत नाही. फोन एकाच कानाला धरते, हाक कुठून आली ते त्याला कळत नाही. गालगुंडानंतर तर मुद्दाम तपासा. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री स्पीकरपुढे नाचलेल्या तरुणांचा बधिरपणा दिवसभरात ओसरला नाही, तर थांबू नये. डायव्हिंगनंतर दडे बसले तर नाक दाबून जोर लावू नका आणि पुन्हा पाण्यात उतरू नका.

वयस्कांचे मात्र दोन टोकांना जाते. श्रवणयंत्र असेल तर आधी सेल बदला, टोकातला मळ काढा. एवढ्यानेच काम होते कधी. पण बहिरेपणासोबत गरगरून चालता येईना, बोबडी वळली, तोंड वाकडे झाले, तर कान विसरा आणि १०८ला फोन करा : तो पक्षाघात असू शकतो. मधुमेह असल्यास स्टेरॉइडने साखर चढते. गोळ्या चालू असेपर्यंत ती रोज तपासा आणि मधुमेहाचे औषध वाढवायचे का, ते डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा.